परीटघडी न मोडणारा सुती शर्ट : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या अंकात सुती कापडाच्या इस्त्रीबद्दल लिहिताना मी जाता जाता ‘नॉन-आयर्न’, म्हणजे इस्त्री न लागणाऱ्या, शर्टांचा विषय काढला होता, आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. मी इचलकरंजीत प्रोसेस हाउसच्या, म्हणजे विणलेल्या कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, चुरगळू नये म्हणून रेझिन नावाचं रसायन बसवलेलं कापड रोज हाताखालून गेलंय, त्यामुळे या विषयावर बोलायला मलाही बरं वाटतं.

प्रश्न : काका, मुलाला ऑफिससाठी ‘१०० टक्के कॉटन, नॉन-आयर्न’ असं लिहिलेला शर्ट घेतला. मशीनमधून काढून हँगरला लावला की खरंच इस्त्री लागत नाही. पण सुती कापड आणि चुरगळत नाही हे काही मला पटत नाही. पॉलिएस्टर मिसळून फसवतात का? — एक वाचक, नागपूर

ताई, शंका रास्त आहे, पण बहुतेक फसवलेलं नाहीये. खात्री करायची तर आतल्या शिवणीच्या कडेला कापडातलाच एक धागा (शिलाईचा दोरा नव्हे) ओढून काढा आणि चिमट्यात धरून जाळून बघा, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरली जाते, पॉलिएस्टर असेल तर धागा वितळून टोकाला टणक मणी तयार होतो.

आता सुती असून चुरगळत कसं नाही ते सांगतो. कापूस म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या, शेजारी शेजारी पडलेल्या, आणि त्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध फार नाजूक. कापूस पाणी पितो, पाणी साखळ्यांच्या मध्ये शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या इकडेतिकडे घसरतात, आणि कापड वाळताना ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत नवे बंध पक्के होतात. म्हणजे पिळून बादलीत ठेवलेला शर्ट तसाच वाळला तर त्या पिळाच्या चुण्या कापडाच्या अंगातच बसतात. परीट पाणी शिंपडून इस्त्री फिरवतो तेव्हा तो हेच करतो, फक्त आपल्या सोयीने, आधी बंध सोडवतो, कापड सपाट करतो आणि सपाट असतानाच वाळवतो. अंगावर घातल्यावर घामाने आणि दमट हवेने परत तेच चक्र सुरू. पॉलिएस्टरमध्ये पाणी शिरतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून ते गार पाण्यात धुतलं तर चुरगळत नाही.

गिरणीत काय करतात तर या शेजारशेजारच्या साखळ्यांच्या मध्ये कायमच्या पायऱ्या ठोकतात, शिडीला असतात तशा, पाण्याने न सुटणाऱ्या. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात, आणि पायऱ्या ठोकणारं रसायन म्हणजे रेझिन. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं रेझिन म्हणजे डीएमडीएचईयू, ते युरिया, ग्लायॉक्झाल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून बनतं (हो, शेतात टाकतो तोच युरिया). फॉर्मल्डिहाइड हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काम असं चालतं. एका टबात रेझिन, कॅटॅलिस्ट (क्रिया घडवून आणणारा पदार्थ) म्हणून मॅग्नेशियम क्लोराईड, आणि कापड मऊ ठेवणारा सॉफ्टनर असं पाणी तयार करायचं, रेझिन लिटरला साधारण ६० ते १०० ग्रॅम, कापड त्यात बुडवून पॅडिंग मँगलच्या दोन रबरी रोलरांमधून दाबून काढायचं, असं की १०० किलो कापडाने ७० किलोच्या आसपास पाणी धरलेलं असेल. मग स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून धरून गरम हवेत वाळवणाऱ्या यंत्रावर, वाळवायचं आणि शेवटी १५० ते १६० डिग्रीला दोनतीन मिनिटं क्युरिंग, म्हणजे रेझिन तापवून पक्कं करणं. पायऱ्या ठोकल्या जातात त्या या शेवटच्या दोनतीन मिनिटांत. कॅटॅलिस्ट गरम झाला की आम्ल तयार होतं आणि त्या आम्लामुळे रेझिनचे दोन्ही हात सेल्युलोजला जोडले जातात.

लॅबमध्ये आम्ही कापडाचा छोटा तुकडा घडी घालून वजनाखाली ठेवायचो, पाच मिनिटांनी वजन काढून तो किती अंशांत उघडतो ते मोजायचो. पूर्ण उघडला तर १८० अंश. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्हीच्या कोनांची बेरीज धरतात, साध्या सुती कापडाची बेरीज १५० ते १८० च्या घरात येते, चांगलं फिनिश झालेल्याची २५० च्या वर जाते. तुमच्या मुलाचा शर्ट मशीनमधून तसाच बाहेर येतो कारण त्याच्या धाग्याला आपली मूळची सपाट जागा आठवते.

प्रश्न : नॉन-आयर्न म्हणून दुप्पट पैसे देऊन घेतलेला शर्ट दीड वर्षात कॉलरच्या घडीवर आणि कोपरावर विरला. त्याच्याच शेजारी साधा सुती शर्ट सहा वर्षं टिकलाय. हा काय प्रकार? — एक वाचक, सांगली

दादा, तुमच्या शर्टला झालंय ते या फिनिशचं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि दुकानदार ते कधी सांगत नाही.

ज्या पायऱ्यांमुळे चुणी बसत नाही त्याच पायऱ्यांमुळे कापड कमजोर होतं. साध्या कापसात ताण आला की साखळ्या थोड्या थोड्या सरकतात आणि भार वाटून घेतात, गर्दीत धक्का लागला की माणसं जरा जरा सरकून उभी राहतात तसं. क्रॉसलिंक झालेल्या कापसात कुणाला सरकताच येत नाही, सगळा ताण एका ठिकाणी येतो आणि तिथे तुटतं. वर क्युरिंगच्या वेळच्या आम्लाने साखळ्या थोड्या तुटतात ते वेगळंच. चुण्या नीट जाव्यात एवढं रेझिन घातलं की ताकद ३० ते ५० टक्क्यांनी कमी होणं ही या धंद्यात नेहमीची गोष्ट आहे. आणि घासण्याला तर कापड फारच कमी टिकतं, म्हणून कॉलरची घडी, कफची कड, कोपर हे आधी जातं.

एक अनुभव सांगतो, अजून मनात खुपतो. एका ऑर्डरचं शर्टिंग होतं, कुणाचं ते सांगत नाही, स्टेंटर हळू चालवला गेला आणि कापड आत नको तेवढा वेळ राहिलं. घडीच्या कोनांची बेरीज तर सुंदर आली, २८० च्या वर, मी खूश होऊन माल पास केला आणि फाडण्याची टेस्ट दुसऱ्या दिवसावर टाकली. तोपर्यंत गाड्या निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तुकडा हातात घेऊन कडेला ओढला तर भाजलेल्या पापडासारखा टर्रकन गेला. ते शर्ट शिवले गेले, विकले गेले, कुणीतरी पगारातून घेतले असतील. त्यानंतर मी दोन्ही टेस्ट झाल्याशिवाय कधीही सही केली नाही.

चांगली गिरणी हे आधीच धरून चालते. लांब धाग्याचा कापूस घेते, सूत मजबूत घेते, आधी कॉस्टिक सोड्यात मर्सराईज करून किंवा लिक्विड अमोनियातून काढून धागा गोल आणि ताकदवान करते, रेझिनसोबत सिलिकॉन आणि पॉलिएथिलीनचा सॉफ्टनर घालते म्हणजे धागे एकमेकांवरून सरकतात आणि कापड फाटताना एकेक धागा सुटा तुटत नाही. यातलं प्रत्येक पाऊल पैसे खातं. स्वस्तातला ‘रिंकल फ्री’ शर्ट म्हणजे यातलं बरंचसं गाळून फक्त रेझिन मारलेलं असण्याची शक्यता जास्त. दुकानात कापड मुठीत चुरगळून बघता ना, तसंच ते कानाजवळ हलवूनही बघा, कागदासारखं खडखडत असेल तर मी घेणार नाही.

आणि आता जो शर्ट आहे तो टिकवायचा तर कॉलरला ब्रश अजिबात लावू नका, साबण लावून अर्धा तास भिजवा आणि हातानेच चोळा, मशीनमध्ये उलटा करून टाका, स्पिन कमी ठेवा, आणि पिळू नका, झटकून हँगरला लावा.

प्रश्न : नवीन बेडशीटचं पाकीट उघडलं की असा वास येतो की डोळ्यांतून पाणी येतं. पाकिटावर ‘इझी केअर’ लिहिलंय. घरात तीन महिन्यांचं बाळ आहे. घाबरायचं कारण आहे का? — एक आई, पुणे

हा प्रश्न आला याचा मला आनंद वाटला, कारण इस्त्रीची कटकट एकवेळ बाजूला ठेवू पण हे महत्त्वाचं आहे.

वर म्हटलं ना, रेझिनमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं. क्युरिंग नीट झालं, नंतर कापड धुतलं गेलं, तर थोडंच सुटं उरतं. क्युरिंग कच्चं राहिलं आणि धुण्याचं पाणी वाचवलं तर सुटं फॉर्मल्डिहाइड कापडातच राहतं आणि प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात साठतं. शिवाय गरम दमट गोदामात रेझिन थोडं थोडं तुटून नवं फॉर्मल्डिहाइड सुटत राहतं. आमच्या गोदामात मे महिन्यात गाठी उघडताना डोळे चुरचुरायचे ते यामुळेच, आणि तुम्ही पाकीट एकदाच उघडता, शिवणकाम करणाऱ्या बायका तर दिवसभर त्या कापडावर वाकलेल्या असतात, त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

धोका दोन प्रकारचा. एक, श्वासातून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, पण ते मुख्यतः कारखान्यात वर्षानुवर्षं हुंगणाऱ्यांच्या अभ्यासावरून, एका बेडशीटवरून तसं काही होईल असं मी म्हणणार नाही. दुसरा धोका कातडीचा, आणि कापड वापरणाऱ्याला खरा त्रास होतो तो हाच. ज्यांना याची अ‍ॅलर्जी असते त्यांना काखेत, मानेवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथे कापड घट्ट आणि घाम जास्त तिथे पुरळ आणि खाज येते.

जपानने १९७३ मध्येच कायदा केला, दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यात जवळजवळ काहीही सापडता कामा नये, तपासणीची रेषा दहा लाखांत १६ भागांवर, आणि मोठ्यांच्या कातडीला लागणाऱ्या कपड्यात ७५ भाग. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० हे जे लेबल असतं त्यातही बाळांसाठी आणि मोठ्यांसाठी असेच वेगळे वर्ग आहेत. युरोपातसुद्धा आता कपड्यांना ७५ चीच मर्यादा आहे. अमेरिकेत सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाने २०१० मध्ये १८० वस्तू तपासून घेतल्या तर त्यातल्या १० मध्ये ७५ पेक्षा जास्त निघालं, म्हणजे बहुतेक माल ठीक असतो पण सगळा नाही.

तर ताई, बाळाच्या अंथरूण-पांघरूणाला इझी केअर, रिंकल फ्री, नॉन-आयर्न असलं काही घेऊच नका. जुन्या धोतराची, आजीच्या लुगड्याची दुपटी उत्तम, शंभर वेळा धुतलेलं कापड त्याच्यापेक्षा सुरक्षित काय असणार. तुमच्या स्वतःच्या पलंगासाठी ते बेडशीट वापरायचं असेल तर पाकिटातून काढून एक दिवस गॅलरीत वाऱ्यावर टाका, मग दोनदा कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि दोन्ही वेळा भरपूर पाण्यात खळबळून काढा, सुटं फॉर्मल्डिहाइड पाण्यात सहज विरघळतं. तरीही डोळे चुरचुरत असतील तर परत करा, पैसे मागा, संकोच करू नका.

प्रश्न : मग फॉर्मल्डिहाइड नसलेलं रेझिन का वापरत नाहीत? — टेक्स्टाइल डिप्लोमाचा विद्यार्थी, इचलकरंजी

वापरतात, पण कमी. एक मार्ग म्हणजे डीएमडीएचईयूचंच तोंड मिथेनॉल किंवा डायइथिलीन ग्लायकॉलने बांधायचं, त्याने फॉर्मल्डिहाइड खूप कमी सुटतं, आज चांगल्या प्रोसेसमध्ये हेच ‘लो फॉर्मल्डिहाइड’ रेझिन असतं. दुसरा मार्ग डायमिथाइल युरिया आणि ग्लायॉक्झालचं रेझिन, त्यात फॉर्मल्डिहाइड नाहीच, पण ते आळशी आहे, जास्त लागतं आणि तरी चुण्या तेवढ्या जात नाहीत. तिसरा मार्ग अ‍ॅसिडचा. ब्युटेन टेट्राकार्बॉक्झिलिक अ‍ॅसिड, आपण बीटीसीए म्हणतो, सोडियम हायपोफॉस्फाइटसोबत, १९८० च्या दशकाच्या शेवटी क्लार्क वेल्श यांनी अमेरिकेत यावर मोठं काम केलं, रिझल्ट डीएमडीएचईयूच्या तोडीचा, पण अ‍ॅसिड महाग, आणि हायपोफॉस्फाइटमुळे काही रंगांची शेड बदलते. सायट्रिक अ‍ॅसिड स्वस्त, पण पांढरं कापड पिवळं पडतं. बाळा, प्रोजेक्ट करायचा असेल तर या पिवळेपणावर कर, आणि कोनासोबत फाडण्याची ताकद मोजल्याशिवाय रिपोर्ट लिहू नकोस.

प्रश्न : हे तंत्र एका बाईंनी शोधलं असं वाचलं. खरं का? — एक शिक्षक, जळगाव

अर्धं खरं, सर. सुरुवात मँचेस्टरची, टूटल ब्रॉडहर्स्ट ली नावाच्या कंपनीने १९२० च्या दशकात युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन धाग्याच्या आत बसवून चुरगळ कमी करायचं पेटंट काढलं. ज्यांचं नाव तुम्ही वाचलं असेल त्या रूथ बेनेरिटो, जन्म १९१६, न्यू ऑर्लिन्सच्या. शिकागो विद्यापीठातून केमिस्ट्रीची पीएचडी, १९५३ पासून अमेरिकन शेती खात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या प्रयोगशाळेत. शेती खातं कापडात का पडलं, तर दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आणि पॉलिएस्टर आले, इस्त्री नको म्हणून लोक तिकडे वळले आणि कापूस उत्पादकांचं गिऱ्हाईक जायला लागलं. विदर्भ-खानदेशातल्या माणसाला ही काळजी वेगळी समजावून सांगायला नको. बेनेरिटोबाईंनी सेल्युलोजच्या साखळ्या कशा जोडायच्या, कोणता कॅटॅलिस्ट, याची केमिस्ट्री पक्की केली, त्यांच्या नावावर ५५ पेटंट आहेत, २००२ मध्ये लेमेलसन-एमआयटी जीवनगौरव मिळाला, २०१३ मध्ये त्या गेल्या. पण वॉश अँड वेअर मी एकटीने शोधलं असं कुणी म्हटलं की त्या स्वतःच दुरुस्त करायच्या, यात अनेकांचं काम आहे म्हणून. मुलांना सांगाल तेव्हा हेही सांगा.

आणि एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी. १९६० च्या दशकात अमेरिकेत पँटी शिवून झाल्यावर ओव्हनमध्ये भाजायला लागले, म्हणजे पुढची क्रीज कायमची, लिव्हाइज कंपनीची स्टा-प्रेस्ट पँट १९६४ ची. पण नुसत्या सुती पँटी गुडघ्यावर आणि मोहरीला इतक्या लवकर विरायला लागल्या की ताकदीसाठी त्यात पॉलिएस्टर मिसळावं लागलं. कापूस वाचवायला निघालेल्या कामाने टेरिकॉटला दार उघडून दिलं.

प्रश्न : पांढऱ्या नॉन-आयर्न शर्टला ब्लीच लावलं तर पिवळा पडला. आता तो निळा रंगवून घेऊ का? — एक वाचक, कोल्हापूर

पिवळा का पडला, तर काही रेझिनमधला नायट्रोजन क्लोरीन धरून ठेवतो, मग इस्त्रीच्या उष्णतेने किंवा उन्हात कापड पिवळं पडतं आणि आतून कुजतंही. रंगवायचं मनातून काढा, रेझिन बसलेला कापूस फुगत नाही, रंग आत शिरत नाही, डाग डाग होईल आणि रंगाऱ्याशी उगाच वाद. इथून पुढे असल्या कपड्याला क्लोरीनचं ब्लीच नको, ऑक्सिजनवालं चालतं.

प्रश्न : व्हिडिओत दाखवतात की लिंबूसत्वाच्या पाण्यात कापड बुडवून कडक इस्त्री मारली की घरीच रिंकल फ्री होतं. माझ्याकडे आईच्या पाचसहा हातमागाच्या सुती साड्या आहेत, त्यांना करून बघू का? — एक वाचक, सोलापूर

नको, ताई, कृपा करून नको. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, आणि आम्ल लावून सुती कापडावर तापलेली इस्त्री फिरवणं म्हणजे सेल्युलोजच्या साखळ्या स्वतःच्या हाताने तोडणं. थोडं क्रॉसलिंकिंग होईलही, पण कुठे जास्त कुठे कमी, पिवळे पट्टे पडतील, आणि जुनी साडी आधीच थकलेली असते, ती घडीवर चिरेल. बाजारात मिळणारे रिंकल स्प्रे वेगळे, त्यात पाणी आणि थोडं सिलिकॉन वगैरे असतं, ते फक्त बंध ओले करून सैल करतात, कापडाला अपाय नाही पण एका दिवसापुरतं.

आईच्या साड्यांना तांदळाच्या पेजेची किंवा साबुदाण्याची खळच द्या. खळ धाग्याच्या वर बसते, आत शिरून काही जोडत नाही, पुढच्या धुण्यात निघून जाते. पातळ करा, फडक्यातून गाळून घ्या म्हणजे गुठळी चिकटणार नाही, साडी सावलीत वाळत घाला आणि थोडी दमट असतानाच दोघींनी दोन टोकं धरून ताणा, मग इस्त्री. कपाटात ठेवताना मात्र खळ काढून, नुसती धुतलेली ठेवा, नाहीतर कसर लागते, आणि दर दोनतीन महिन्यांनी घडी बदलून ठेवा.